एक आजारी राजा आणि तीन वाटणीपत्रे

स्पेनचा राजा दुसरा कार्लोस अवघा सहा वर्षांचा होता, तेव्हाच त्याच्या राज्याची पहिली वाटणी झाली. जानेवारी १६६८ मध्ये व्हिएन्नात एक गुप्त करार झाला आणि कार्लोस निपुत्रिक मेला तर कोणी काय घ्यायचे हे दोन वाटेकऱ्यांनी ठरवून टाकले. एक वाटेकरी फ्रान्सचा राजा चौदावा लुई. तो कार्लोसचा आतेभाऊ, आणि त्याच्या सावत्र बहिणीचा नवरा. दुसरा पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट लिओपोल्ड. त्याचे नाते सांगायला जरा दम लागतो. तो कार्लोसचा सख्खा मामा होता, आतेभाऊही होता, आणि कार्लोसच्या सख्ख्या बहिणीशी, म्हणजे स्वतःच्या भाचीशीच, लग्न केल्यामुळे मेहुणाही होता. हे पोर फार दिवस काढत नाही, अशी दोघांचीही खात्री होती. ते पोर पुढे बत्तीस वर्षे जगले.

लिओपोल्डची ती बायको मार्गारिता आपल्याला चेहऱ्याने ठाऊक आहे. वेलास्केझच्या ‘लास मेनिनास’ या चित्रात मधोमध उभी असलेली, फुगीर झग्यातली छोटी राजकन्या तीच. घरातले राज्य घरातच राहावे म्हणून हॅब्सबर्ग घराण्याच्या माद्रिद आणि व्हिएन्ना या दोन शाखा पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्ने लावत आल्या होत्या. कार्लोसचे आईबापसुद्धा मामा-भाची. २००९ साली स्पॅनिश संशोधकांनी त्याच्या वंशावळीचे गणित मांडले, तेव्हा त्याचा अंतःप्रजनन गुणांक ०.२५४ निघाला. सख्ख्या भावा-बहिणीच्या अपत्याचा असतो, जवळजवळ तेवढाच. त्याचा खालचा जबडा इतका पुढे आलेला होता की त्याला अन्न नीट चावता येत नसे. त्याची दोन लग्ने झाली, मूल झाले नाही. राजावर करणी झाली आहे अशी वदंता उठली आणि दरबारात मांत्रिकी उताऱ्यांपर्यंत मजल गेली. इतिहासात त्याला ‘भारलेला’ हेच विशेषण चिकटले आहे. राज्य हातून निसटू नये म्हणून केलेल्या लग्नांनीच राज्याला वारस उरू दिला नाही.

आणि राज्य तरी केवढे! स्पेन, आजचा बेल्जियम आणि लक्झेंबर्ग (तेव्हाचे स्पॅनिश नेदरलँड्स), मिलान, नेपल्स, सिसिली, सार्डिनिया, क्युबा, मेक्सिकोपासून चिलीपर्यंतचा अमेरिकेचा पट्टा आणि शिवाय फिलिपाईन्स. तिजोरी रिकामी, आरमार खिळखिळे, पण नकाशावर एवढे मोठे दुसरे काही नव्हते.

वारसाहक्काची गुंतागुंत समजून घ्यायची तर १६५९ साली मागे जावे लागते. फ्रान्स आणि स्पेन यांच्या सीमेवर बिदासोआ नावाची छोटी नदी आहे. तिच्यातल्या फेझंट बेटावर दोन्ही देशांचे मंत्री बसले आणि पिरेनीजचा तह झाला. तहाचा शिक्का म्हणून स्पेनची थोरली राजकन्या मारिया तेरेसा लुईला द्यायचे ठरले. मात्र तिने स्पेनच्या गादीवरचा स्वतःचा आणि आपल्या वंशाचा हक्क सोडायचा. आपल्याकडे लग्न झालेल्या बहिणीकडून भाऊ दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्र करून घेतात, त्यातलाच हा प्रकार. फ्रेंच मुत्सद्द्यांनी त्यात एक पाचर मारून ठेवली. हक्क सोडला तो हुंड्याच्या बदल्यात, आणि हुंडा पाच लाख सुवर्ण एस्कुदो. कंगाल झालेला स्पेन एवढी रक्कम देऊ शकणार नाही हे पॅरिसला पक्के ठाऊक होते. हुंडा पोचला नाही तो नाहीच. मग लुईचे वकील चाळीस वर्षे एकच मुद्दा मांडत राहिले: पैसे नाहीत, तर हक्कसोडही नाही.

याच तहाचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. पोर्तुगाल १६४० पासून स्पेनपासून सुटण्यासाठी लढत होता आणि त्याला फ्रान्सचा आधार होता. पिरेनीजच्या तहात फ्रान्सने हा आधार काढून घेण्याचे कबूल केले. एकट्या पडलेल्या पोर्तुगालने इंग्लंडचा हात धरला. जून १६६१ मध्ये राजकन्या कॅथरीनचे इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न ठरले आणि आंदणात मोरोक्कोतले टँजियर आणि इकडचे मुंबई बेट गेले. ‘बेट’ म्हणजे नेमके कुठपासून कुठपर्यंत, यावरून गोव्याच्या विजरईने इतका घोळ घातला की ताबा मिळायला १६६५ उजाडले. तीन वर्षांत चार्ल्सने ते वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. बिदासोआच्या बेटावर झालेल्या सोयरिकीमुळे अरबी समुद्रातले बेट हात बदलून गेले, आणि त्या बेटावरच्या एकाही कोळ्याला, भंडाऱ्याला कोणी विचारले नाही.

लिओपोल्डची बाजू वेगळी होती. कार्लोसच्या बापाने, चौथ्या फिलिपने, मृत्युपत्रात मारिया तेरेसाला वगळून कार्लोसनंतर मार्गारिताच्या वंशाला हक्क दिला होता. मार्गारिताची मुलगी मारिया अंतोनिया बव्हेरियाच्या इलेक्टरला दिली, तेव्हा लिओपोल्डने स्वतःच्या या मुलीकडूनही हक्कसोड लिहून घेतली. स्पेन पुढे आपल्या तिसऱ्या बायकोच्या धाकट्या मुलाला, आर्चड्यूक चार्ल्सला, मिळावा हा त्याचा डाव. माद्रिदने ही हक्कसोड कधी मान्य केली नाही. मारिया अंतोनियाला १६९२ मध्ये जोसेफ फर्डिनांड हा मुलगा झाला आणि दोन महिन्यांत ती वारली. म्हणजे दावेदार तीन: लुईचा थोरला मुलगा, लिओपोल्डचा धाकटा मुलगा आणि बव्हेरियाचे हे बाळ.

१६९७ मध्ये रिस्विकच्या तहाने नऊ वर्षांचे युद्ध संपले. सगळे थकले होते. लुईचा सर्वांत कडवा शत्रू विल्यम, इंग्लंडचा राजा आणि डच प्रजासत्ताकाचा प्रमुख, त्याने आणि लुईने त्यानंतर जे केले ते मला त्या शतकातल्या राजकारणातले सर्वांत शहाणपणाचे काम वाटते. पंचवीस वर्षे एकमेकांच्या जिवावर उठलेली ही दोन माणसे पुढचे युद्ध सुरू होण्याआधीच मिटवायला बसली. विल्यमचा विश्वासू पोर्टलंड पॅरिसला गेला, लुईचा सेनानी ताल्यार लंडनला आला. संपूर्ण स्पेन फ्रान्सकडे गेला तर युरोपात कोणी उरत नाही, आणि लिओपोल्डच्या ऑस्ट्रियाकडे गेला तर फ्रान्स पुन्हा वेढला जातो. तेव्हा मुख्य वाटा तिसऱ्यालाच द्यावा, जो कोणालाच जड नाही. ऑक्टोबर १६९८ मध्ये हेग इथे करार झाला. स्पेन, अमेरिका, नेदरलँड्स आणि सार्डिनिया सहा वर्षांच्या जोसेफ फर्डिनांडला, नेपल्स, सिसिली, तस्कनीच्या किनाऱ्यावरची ठाणी आणि ग्विपुस्कोआ प्रांत लुईच्या मुलाला, मिलान आर्चड्यूकला.

विल्यमने हे इंग्लंडच्या पार्लमेंटला कळू दिले नाही. त्याचा चॅन्सेलर सोमर्स याने मुत्सद्द्यांची नावे रिकामी ठेवलेल्या अधिकारपत्रावर राज्याची मुद्रा उठवून दिली. याबद्दल १६८८ च्या क्रांतीनंतर सत्तेत वाढलेल्या पार्लमेंटने त्याच्यावर १७०१ मध्ये महाभियोग चालवला. तो सुटला, पण युरोपचा समतोल राजा आपल्या खिशात घेऊन हिंडतो, ही गोष्ट पार्लमेंटला रुचली नाही ती नाहीच.

करारात खोट एकच होती, आणि ती मोठी होती. माद्रिदला कोणी विचारलेच नव्हते.

बातमी फुटली आणि आजवर निर्जीव वाटणारा कार्लोस एका बाबतीत भलताच ठाम निघाला. पूर्वजांनी ठेवलेले राज्य तुकडे न होता पुढे गेले पाहिजे. १४ नोव्हेंबर १६९८ रोजी त्याने मृत्युपत्र करून सगळेच्या सगळे राज्य जोसेफ फर्डिनांडला दिले. गंमत पाहा, वारस तोच, ज्याला हेगने मुख्य वाटा दिला होता. म्हणजे माद्रिदला माणसाबद्दल तक्रार नव्हती, तक्रार होती ती कात्रीबद्दल. हा पेच सुटण्यासारखा होता, कदाचित सुटलाही असता. पण ६ फेब्रुवारी १६९९ रोजी तो मुलगा ब्रसेल्समध्ये मरण पावला. विषाची कुजबुज झाली. लहान मुले सर्रास दगावत अशा त्या काळात ती होणारच.

आता दोनच दावेदार उरले आणि दोघेही जड. तरी विल्यम आणि लुई पुन्हा बसले. मार्च १७०० मध्ये दुसरा वाटणीचा करार झाला. या वेळी स्पेन, अमेरिका आणि नेदरलँड्स आर्चड्यूक चार्ल्सला, आणि फ्रान्सला पूर्वीच्या वाट्याबरोबर लोरेन. लोरेनच्या ड्यूकला बदल्यात मिलान. लुईने यात खूप सोडले हे मान्य करायला हवे. लिओपोल्डच्या मुलाला पृथ्वीवरचे सर्वांत मोठे साम्राज्य मिळत होते आणि तरीही लिओपोल्डने सही नाकारली. त्याला मूर्ख म्हणण्याची इतिहासकारांची जुनी सवय आहे. मला ते पटत नाही. त्याच्याकडे आरमार नव्हते. मेक्सिको कागदावर मिळून व्हिएन्नाला काय उपयोग? त्याला हवा होता इटली, आपल्या राज्याच्या दाराशी असलेला. नुकतेच १६९९ मध्ये कार्लोविट्झला तुर्कांकडून हंगेरीचा बहुतेक भाग मिळवल्यामुळे त्याचा दैवावर विश्वासही जरा जास्तच बसला होता.

माद्रिदमध्ये संतापाची लाट उसळली. दुसऱ्या करारासाठी चाललेल्या वाटाघाटींवरून स्पेनच्या लंडनमधल्या वकिलाने, मार्क्विस कानालेसने, आधीच एवढे कडक निषेधपत्र दिले होते की त्याला देश सोडून जायला सांगण्यात आले. पण संतापापलीकडे राज्यमंडळातल्या सरदारांनी थंड डोक्याने एक हिशेब मांडला. राज्य अखंड ठेवायचे तर ते अशाच्या हाती द्यावे लागेल, जो ते तोडू शकतो आणि म्हणून राखूही शकतो. सीमेवर फौज कोणाची? फ्रान्सची. समुद्रावर जहाजे कोणाची? इंग्रज-डच सोडले तर फ्रान्सचीच. कार्लोसची राणी मारिया आना ऑस्ट्रियासाठी कितीही आदळआपट करो, टोलेडोचा आर्चबिशप कार्डिनल पोर्तोकारेरो या मताचा झाला. राजाच्या मनाची समजूत पटावी म्हणून पोपचाही सल्ला मागवला. तोही फ्रान्सच्या बाजूने आला.

ऑक्टोबर १७०० च्या सुरुवातीला, मरणशय्येवर, कार्लोसने अखेरच्या मृत्युपत्रावर सही केली. जन्मभर ज्या घराण्याशी लढला, त्याच घराण्यातल्या मुलाला त्याने सर्व दिले: लुईचा नातू, सोळा वर्षांचा आंजूचा ड्यूक फिलिप. अट एकच, राज्य अखंड राहिले पाहिजे आणि फ्रान्सशी कधी जोडले जाता कामा नये. फिलिपने नाकारले तर त्याचा धाकटा भाऊ; त्यानेही नाकारले तर सगळे आर्चड्यूक चार्ल्सला. १ नोव्हेंबरला कार्लोस गेला. एकोणचाळिसावा वाढदिवस पाच दिवसांवर होता.

९ नोव्हेंबरला बातमी फाँतेनब्लोच्या राजवाड्यात पोचली. लुईपुढे प्रश्न उघड होता. आठ महिन्यांपूर्वी सही केलेला करार पाळायचा की मृत्युपत्र स्वीकारायचे? सल्लामसलत लुईच्या गुपचूप लग्नाच्या बायकोच्या, मादाम द मँतेनाँच्या दालनात झाली. मंत्री बोव्हिलिएने करार पाळा म्हटले. परराष्ट्रमंत्री तोर्सीने वेगळा मुद्दा मांडला. आपण नाही म्हटले तर सबंध साम्राज्य आर्चड्यूककडे जाईल. मग कराराने मिळालेला आपला वाटा लढूनच घ्यावा लागेल, तोही खुद्द स्पेनशी लढून, आणि आपल्या बाजूने विल्यम उभा राहील याची हमी काय? युद्ध दोन्हीकडून होणारच असेल तर अर्ध्यासाठी कशाला करायचे? लुईने मृत्युपत्र स्वीकारले. १६ नोव्हेंबरला व्हर्सायमध्ये त्याने नातवाला दरबारापुढे स्पेनचा राजा म्हणून उभे केले आणि स्पेनच्या वकिलाने गुडघे टेकून त्याला मुजरा केला.

हा लुईचा विश्वासघात, असे इंग्रजी पुस्तके सांगत आली. तोर्सीच्या युक्तिवादाला मला आजही उत्तर सापडत नाही. लुईचे खरे अपराध त्यानंतरच्या दहा महिन्यांतले आहेत. इंग्लंड आणि हॉलंड या दोघांनीही सुरुवातीला पाचव्या फिलिपला राजा मानले होते, लोकांना युद्ध नको होते. पण लुईने फिलिपचा फ्रान्सच्या गादीवरचा हक्क कायम असल्याचे जाहीर केले. फेब्रुवारी १७०१ मध्ये स्पॅनिश नेदरलँड्समधली डच फौजा असलेली किल्लेबंद शहरे एका रात्रीत ताब्यात घेतली. स्पॅनिश अमेरिकेला गुलाम पुरवण्याचा मक्ता फ्रेंच कंपनीला मिळवून दिला. आणि सप्टेंबरमध्ये पदच्युत जेम्स दुसरा मरताच त्याच्या मुलाला इंग्लंडचा राजा म्हणून मान्यता दिली. म्हणजे दुसऱ्याच्या घरातल्या वारसाचा प्रश्नही अंगावर ओढवून घेतला; इंग्लंडने नुकताच जूनमध्ये आपला गादीचा कायदा केलेला असताना! त्याच सप्टेंबरमध्ये हेगमध्ये इंग्लंड, हॉलंड आणि सम्राट यांची आघाडी उभी राहिली. विल्यम मार्च १७०२ मध्ये वारला, युद्ध मेमध्ये पुकारले गेले.

त्या युद्धाच्या लढाया सांगत बसायचे कारण नाही. दोन माणसांची गत मात्र सांगण्यासारखी आहे. वाटणीच्या दोन्ही करारांची बोलणी करणारा ताल्यार १७०४ मध्ये ब्लेनहाइमला फ्रेंच सेनापती होता. तो कैद झाला आणि १७११ पर्यंत इंग्लंडात नॉटिंगहॅमला नजरकैदेत राहिला. १७०७ मध्ये स्पेनमधल्या आल्मान्साच्या लढाईत फ्रेंच-स्पॅनिश फौजेचा सेनापती होता बर्विक, इंग्लंडच्या जेम्सचा अनौरस मुलगा. समोर इंग्रजांच्या बाजूचा सेनापती होता गॉलवे, फ्रान्समधून परागंदा झालेला प्रॉटेस्टंट सरदार. इंग्रजाने फ्रेंचाला हरवले आणि विजय फ्रान्सचा झाला.

१७०९ च्या भीषण हिवाळ्यानंतर फ्रान्समध्ये उपासमार सुरू झाली. लुई जवळजवळ सर्व अटी मानायला तयार होता. मित्रराष्ट्रांनी शेवटची एक अट घातली: फिलिप गादी सोडत नसेल तर आजोबाने स्वतःच त्याला हुसकून लावावे. लढायचेच असेल तर ते शत्रूशी लढेन, स्वतःच्या लेकरांशी नाही, असे लुईचे म्हणणे पडले, आणि युद्ध आणखी चार वर्षे लांबले. विजयाच्या धुंदीत हातातला तह घालवण्याचे याहून ठळक उदाहरण मला आठवत नाही.

शेवटी तोडगा काढला तो रोगांनी. एप्रिल १७११ मध्ये तीन दिवसांच्या अंतराने देवीच्या साथीत लुईचा थोरला मुलगा आणि लिओपोल्डचा थोरला मुलगा, तरुण सम्राट जोसेफ, हे दोघेही गेले. जोसेफचा भाऊ आर्चड्यूक चार्ल्स, ज्याला स्पेन मिळावा म्हणून इंग्रज रक्त सांडत होते, तोच आता सम्राट झाला. माद्रिद आणि व्हिएन्ना एका डोक्यावर ठेवण्यासाठी लढण्यात इंग्लंडला कसला रस? दुसऱ्या वर्षी गोवराने फ्रान्सच्या राजघराण्यातली दोन पिढ्यांची माणसे तीन-चार आठवड्यांत नेली आणि फिलिप व फ्रान्सची गादी यांच्यामध्ये फक्त एक दोन वर्षांचे नाजूक मूल उरले. तेव्हा पुन्हा हक्कसोड! तोर्सीने इंग्रजांना लिहून कळवले की फ्रान्सच्या मूळ कायद्याप्रमाणे गादीचा वारस ईश्वर ठरवतो, त्यामुळे अशी हक्कसोड मुळात रद्दबातल असते. इंग्रजांनी ऐकून घेतले आणि तरीही ती लिहून घेतली. नोव्हेंबर १७१२ मध्ये फिलिपने फ्रान्सवरचा हक्क सोडला. या वेळी ती टिकली, कारण ते मूल जगले आणि पंधरावा लुई झाले.

१७१३ च्या युट्रेक्टच्या आणि १७१४ च्या राश्टाटच्या तहांनी साम्राज्य वाटले गेले. स्पेन आणि अमेरिका फिलिपला, नेदरलँड्स, मिलान, नेपल्स आणि सार्डिनिया ऑस्ट्रियाला, सिसिली सव्हॉयला. नावे बदलली, तुकडे इकडचे तिकडे झाले, पण जे कार्लोसने मृत्युपत्रात निक्षून नाकारले होते ते, म्हणजे वाटणी, झालीच. १६९८ मध्ये शाईने जे झाले असते त्यासाठी मध्ये तेरा वर्षांचे युद्ध गेले. एकट्या १७०९ च्या मालप्लाकेच्या लढाईत जिंकणाऱ्या बाजूचीच वीस हजारांवर माणसे मेली किंवा जखमी झाली. इंग्लंडला मिळाले जिब्राल्टर, मिनोर्का आणि स्पॅनिश वसाहतींत तीस वर्षे, दरसाल ४,८०० गुलाम नेण्याचा मक्ता. या तहातले हे सर्वांत लाजिरवाणे कलम, आणि लंडनमध्ये सर्वांत जास्त आनंद त्याचाच झाला.

कॅटलन लोकांनी १७०५ मध्ये इंग्रजांच्या शब्दावर आर्चड्यूकची बाजू घेतली होती. युट्रेक्टमध्ये तो शब्द वाऱ्यावर सोडला गेला. बार्सिलोना एकटीच लढत राहिली आणि ११ सप्टेंबर १७१४ रोजी पडली. तो दिवस कॅटलोनिया आजही आपला राष्ट्रीय दिन म्हणून पाळतो.

जिब्राल्टरबद्दल युट्रेक्टच्या दहाव्या कलमात लिहिले आहे की ब्रिटनला ते कधी विकायचे किंवा सोडायचे झाले तर पहिला हक्क स्पेनचा. स्पेन त्या कलमावर अजून बोट ठेवतो. तिथल्या रहिवाशांना मात्र पहिल्यांदा विचारले गेले ते १० सप्टेंबर १९६७ रोजी, तहानंतर दोनशे चौपन्न वर्षांनी. १२,१३८ जणांनी ब्रिटनच्या बाजूने मत दिले, स्पेनच्या बाजूने ४४ जणांनी.